नवतपातली लाल गाडी

नवतपा लागला की आमच्याकडे कावळे उडत नाहीत. चालत जातात. मी पाहिलंय. ऊर्जानगरच्या बसथांब्यावर एकदा भर दुपारी एक कावळा कंपनीच्या बसची वाट बघत उभा होता. बस आली, दार उघडलं, तो दोन पायऱ्या चढून ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसला आणि पाण्याच्या टाकीपाशी उतरला. पास मागायची कुणाची छाती झाली नाही, कारण त्या उन्हात तोंड उघडलं की आधी जीभ भाजते, शब्द नंतर निघतो. ज्यांना हे खोटं वाटतं त्यांनी मेच्या शेवटच्या आठवड्यात चंद्रपूरला यावं. दोन दिवसांत त्यांना माझा कावळा फारच साधा वाटेल.

हे नऊ दिवस म्हणजे नवतपा. बाकीच्या महाराष्ट्रात तेव्हा लोक आभाळात ढग शोधत असतात. आम्ही कूलरच्या टाकीत पाणी किती उरलं ते वाकून बघतो. मी आता नागपुरात असतो, भिंतीवर टांगलेल्या थंड हवेच्या यंत्राखाली झोपतो, तरी नवतपाचा पहिला दिवस उजाडला की नाकात कूलरच्या ओल्या गवताचा वास भरतो. त्याच्या मागोमाग कैरी आणि मोहरीचा. आणि मग कानात एक आवाज सुरू होतो: एकाच कीबोर्डवर दोन जणांची वीस बोटं, पाऊस कौलांवर पडावा तशी.

त्या एका नवतपाबद्दल लिहायचं आहे. नवं शतक लागून चार-पाच वर्षं झाली होती. मी आणि गज्या बारावी आटोपून बसलो होतो, आणि गज्याच्या घरी कम्प्युटर होता.

गज्या म्हणजे गजानन शेंडे, माझा वर्गमित्र, शेजारचा क्वार्टर. त्याचे बाबा शेंडेकाका वीज केंद्राच्या प्लँटमध्ये कोळशाच्या पट्ट्यावर होते. तीस वर्षं कोळसा पाहून पाहून त्यांना पांढरा भातसुद्धा संशयास्पद वाटायचा. त्यांच्या पुढच्या खोलीत कूलर होता, आणि त्या कूलरचं तोंड माणसांकडे नव्हतं, कम्प्युटरकडे होतं. "मशीन गरम झाली का बंद पडते," काका म्हणायचे. "आन् आम्ही?" असं विचारलं की म्हणायचे, "तुमी बंद पडले त बरंच हाये ना बे."

शेंडेकाकूंची अट एकच. खेळायचं असेल तर कूलरची टाकी पोरांनी भरायची. अंगणातल्या नळापासून खोलीपर्यंत बादल्या वाहून वाहून माझा उजवा हात डाव्यापेक्षा चार बोटं लांब झाला. तो अजून तसाच आहे. शिंपी साक्षीला आहे.

खेळ गाड्यांच्या शर्यतीचा होता. पडदा आडवा कापून दोन भाग व्हायचे, वर एकाची गाडी, खाली दुसऱ्याची, आणि दोघांनी एकाच कीबोर्डवर खांद्याला खांदा लावून बसायचं. त्या वर्षी आम्ही आठ पोट्ट्यांनी मिळून स्पर्धा ठरवली. नियम आमचेच. फक्त हॅचबॅक घ्यायची. हा शब्दही आम्ही त्या खेळातच शिकलो. त्याआधी आम्ही तिला बिनाडिक्कीची म्हणायचो. जुनी घ्या नाहीतर नवी घ्या. नवी मुळात वेगवान, म्हणून तिच्यात दहा बदल करायचे, जुनीत बारा. इंजिन वाढवा, टायर बदला, ब्रेक बदला, गाडी खाली बसवा, वजन काढून टाका, काय वाटेल ते. नऊ दिवस गाडी जुळवायची आणि नवव्या दुपारी शेवटची शर्यत.

आता एक गोष्ट समजून घ्या. आम्ही ऊर्जानगरची पोरं. आमच्या खिडकीतून झाडाआधी धुराडी दिसायची. आमच्या घरी बाप जेवताना बोलायचा तो किती मेगावॅट निघाले त्यावर. गावाकडची भावंडं उन्हाळ्यात यायची ती आम्हाला भेटायला नाही, दिवसभर न जाणारी वीज बघायला यायची. माझा एक मामेभाऊ तर सुट्टीभर बटणच दाबत बसला होता. अशा ठिकाणी वाढलेल्या पोट्ट्याला दहा बदल दिले तर तो काय करणार? दहाच्या दहा इंजिनात. आठापैकी सात जणांनी तेच केलं. वळायचं कसं, थांबायचं कसं, हा विचारच आमच्या वसाहतीत कुणी केला नव्हता. तिथे सगळं चोवीस तास चालू असायचं.

माझी गाडी नवी होती, पिवळी, वर काळे पट्टे. नाव वाघीण. तिला इतका जोर होता की सुरुवातीच्या रेषेवर उभी असतानाच ती पुढच्या वळणावर पोचलेली असायची. फक्त वळायची नाही. त्या रस्त्यावर अकरा वळणं होती आणि मी अकराही ठिकाणी भिंतीला धडकायचो, पण सरळ रस्ता आला की असा सुटायचो की धडकण्याचं सगळं नुकसान भरून निघायचं. तिसऱ्या दिवसापर्यंत मी सगळ्यांना हरवलं होतं. आणि मी हरवलं की कॉलनीतल्या कुत्र्यांनासुद्धा ते कळायचं, कारण मी घरोघरी जाऊन सांगायचो.

गज्यानं मात्र जुनी गाडी घेतली. लाल. कारण दारात तशीच खरी उभी होती.

त्या खऱ्या लाल गाडीबद्दल थांबून सांगायला हवं. काकांनी ती कुणाकडून तरी जुनीच घेतली होती. त्यांनी स्वतः ती आयुष्यात एकदाच चालवली. गेटवरच्या गार्डनं त्यांना सलाम ठोकला, काकांनी सलामाला उत्तर द्यायला दोन्ही हात उचलले, आणि गार्डची केबिन गेली. त्यानंतर दसऱ्याला रावण जळतो त्या मैदानावर काकू शिकल्या. पंचेचाळिशीत. नऊवारी नाही, पाचवारी, पदर कंबरेला खोचलेला, पायात चप्पल नाही, कारण चप्पल घातली की "पायाले गाडी समजत नाई." महिनाभरात त्या अख्ख्या लाइनीच्या ड्रायव्हर झाल्या. बाजाराच्या दिवशी त्या गाडीत सहा बाया आणि तीन कलिंगडं बसायची. काकू आधी बायांना उभं करून बघायच्या, मग सांगायच्या, "जाडी मधात. बारक्या कडेले. कलिंगड तळाशी." कुणी रागावायचं नाही. दोन बाळंतिणींना त्यांनी वेळेत दवाखान्यात पोचवलं होतं. एका मुलीचं नाव म्हणून गाडीच्या रंगावरून लाली ठेवलं, असं मी सांगत असतो. तिचे आईबाप वेगळं काही सांगतात.

त्या मेच्या शेवटी काका रिटायर होणार होते. क्वार्टर सोडायचा आणि सावली तालुक्यातल्या आपल्या गावी, धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, राहायला जायचं ठरलं होतं. सामान बांधायला सुरुवात झाली होती. आणि काकांनी लाल गाडी विकायला काढली होती. मूल गावचे एक गुरुजी दोनदा येऊन, दार उघडून, लावून, परत उघडून बघून गेले होते.

"गावात कोन चालवन?" काका म्हणायचे. "हा पोट्टा नागपूरले शिकाले जाऊन राह्यला. माहे गुडघे असे."

"मी चालवते ना जी," काकू म्हणाल्या.

काकांनी दारातल्या गाडीकडे पाहिलं. मग हळू म्हणाले, "इथी गोष्ट वेगळी हाये. तिथी लोक काय म्हनतीन?"

काकू कैऱ्या फोडत राहिल्या. त्यांचा तो एक फटका मला अजून ऐकू येतो. कैरी आणि कोय दोन्ही एका घावात दोन झाल्या होत्या. काका वाईट माणूस नव्हते हो. तीस वर्षं पाळीपाळीनं दिवसरात्र राबून गावी परतणारा माणूस होता, आणि गाव आपल्याला अजून आपलं म्हणेल की नाही याची त्यांना धास्ती होती. पण त्या गाडीबरोबर काय विकलं जाणार होतं ते आम्हा दोघा पोट्ट्यांनाही कळत होतं.

पाचव्या दिवशी दुपारी काका मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर गज्याची जुनी लाल गाडी वळणावर डुलत होती.

"हा खटारा कायले ठेवला बे या खेळात?" काका हसले.

माझी जीभ तेव्हाही माझ्या आधी धावायची. मी म्हणालो, "काकाजी, या खटाऱ्यानं माह्या वाघिणीले हरवलं त?"

"हॅ."

"हरवलं त?"

"त मी माहा खटारा विकत नाई! लिहून घे."

मी खरंच लिहून घेतलं. भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागचं पान फाडलं, त्यावर लिहिलं, काकांची सही घेतली. काकू कैरी हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, किती मोठं काम केलं आपण. पाच मिनिटांनी लक्षात आलं की आता मला हरावं लागणार. आणि पुढच्या पाच मिनिटांत कळलं की ते मला जमणार नाही. मी मनात म्हणायचो, शेवटच्या वळणावर सोडून देऊ. पण हात कीबोर्डला लागला की वाघीण अंगात यायची.

त्या दुपारपासून काकूंनी आपला पाट कम्प्युटरजवळ ओढला. एका डोळ्यानं कैऱ्या, एका डोळ्यानं पडदा.

"गज्या, तुही गाडी समोरून जड हाये," त्या म्हणाल्या.

"आई, तुले काय समजते त्यातलं?"

"माह्या बापाचा डोंगा होता वैनगंगेत. जाळं कुठी ठेवत होता थो? मधात, तळाशी. समोर ठेवलं त नाक पान्यात जाते, वळवाले गेलं का उलटते. खाली बसव तिले."

डोंगा म्हणजे एका झाडाच्या खोडात कोरलेली होडी. काकूंचं माहेर नदीकाठचं, मासेमारीचं. त्या सात-आठ वर्षांच्या असल्यापासून बापाबरोबर डोंग्यात बसत. गज्यानं गाडी खाली बसवली. डुलणं अर्धं कमी झालं. मग काकूंनी इंजिनातले पाच बदल काढायला लावले.

"आई! बैलबंडी होऊन जाईन हे!"

"होऊ दे. टायर चांगले घे. ब्रेक घे. आन् आंगावरचं वजन काढ. मागची सीट हाये का त्यात? काढ थे बी."

गिअर आखूड घ्यायला लावले, कारण "वळून निघताना दुसऱ्यातच ताकद लागते, मी बाजाराच्या चढावर तसंच करते." आणि गज्याच्या हाताला वळण लावलं. वळणाआधी हळू. मग वळव. मग ढकल. "आधी ढकलून मंग वळशील त नदीत जाशील." दिवसाला शंभर वेळा त्या हे तीन शब्द बोलत, हळू, वळव, ढकल, कैरी फोडण्याच्या ठेक्यावर. शेवटी शेवटी गज्या जेवतानाही भाताचा घास हळू घ्यायचा, वळवायचा आणि ढकलायचा.

मी हे सगळं बघत होतो. हसत होतो. बादल्या वाहत होतो.

नववा दिवस. बाहेर डांबर इतकं वितळलं होतं की आमच्या लाइनीतली एक सायकल त्यात पेडलपर्यंत बुडाली. पहिल्या पावसानंतर उगवली. खोलीत आठ पोट्टे, काका, काकू, बांधलेल्या सामानाचे खोके, आणि कूलरसमोर तो कम्प्युटर, राजासारखा. मूलचे गुरुजी दुसऱ्या दिवशी गाडी न्यायला येणार होते. तीन फेऱ्या. कीबोर्डवरचे बाण माझ्याकडे, अक्षरं गज्याकडे.

पहिल्या फेरीत मी इतका पुढे गेलो की मला माझ्या मागे कुणी आहे याचा विसर पडला. दुसऱ्या फेरीत मी भिंती फोडत होतो आणि लाल गाडी मी धडकलेल्या जागांवरून शांतपणे निघून येत होती. तिला घाई नव्हती. काकू बाजारातून निघाव्यात आणि वाटेत कुणाची विचारपूस करावी, तशी ती येत होती. तिसऱ्या फेरीच्या शेवटच्या वळणावर मी पुढे होतो. दोन गाड्यांचं अंतर. ब्रेक दाबायचा की उरलेला सगळा जोर सोडायचा? मी ऊर्जानगरचा. मी जोर सोडला.

वाघीण सरळ गेली. रस्ता वळला, ती नाही. कठडा तोडून ती आभाळात गेली, आणि वरून मला खाली लाल गाडी दिसली: हळू झाली, वळली, ढकलली, गेली.

खोलीत फक्त कूलर बोलत होता. काका कॅलेंडरच्या पानाकडे बघत होते. मग त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "गुरुजीले निरोप धाडा. गाडी देत नाई म्हना."

काकूंनी पदर तोंडाला लावला. आणि त्या क्षणी, सगळे गज्याच्या पाठीवर थापा मारत असताना, मला कुणी बघत नाही हे मला सहन झालं नाही. मी म्हणालो, "मी सोडली काकू. तुमच्यासाठी. नाहीतर वाघीण काय हरते?"

बस. तेवढंच वाक्य. संध्याकाळपर्यंत ते अख्ख्या वसाहतीत पोचलं. पोचवणारा मीच होतो. दुसऱ्या आठवड्यात त्यांचा ट्रक निघाला. पुढे ट्रक, मागे लाल गाडी, गाडीत काकू स्टिअरिंगवर, काका शेजारी पिशवी मांडीवर घेऊन, बघणाऱ्यांना नमस्कार करत; पण एकाच हातानं, धडा शिकलेले. निघताना काकूंनी लोणच्याची बरणी माझ्या हातात दिली. "तुहा जीव मोठा हाये रे बाल्या," म्हणाल्या.

तेव्हापासून दर नवतपात बरणी येते. कधी गज्याबरोबर, कधी बसच्या कंडक्टरबरोबर. वीस वर्षं मी ते लोणचं खातोय आणि खाताना माझ्या त्यागाची गोष्ट सांगतोय. माझ्या बायकोनं ती इतक्यांदा ऐकली आहे की वाघीण उडते तिथे ती ताट उचलते. गोष्टीत मी दर वर्षी थोडा आधी ब्रेक दाबतो. गेल्या वर्षी तर मी पहिल्याच फेरीत सोडून दिली होती.

यंदा बरणी आली नाही. काकूंचा फोन आला. "यंदा तूच ये. माह्या हातानं देते."

गेलो. मूल सोडल्यावर दोन्ही बाजूंनी रिकाम्या बांध्या, भेगाळलेल्या, आणि त्यांच्यावर थरथरणारी हवा. धानाचा हंगाम यायला अजून अवकाश. गाडी अंगणात कडुनिंबाखाली उभी होती. लाल म्हणणं आता सौजन्याचं. काकू सत्तरीच्या पुढे गेल्यात, आंबाडीचं सरबत आणि लोणच्याची बरणी घेऊन आल्या. काका ओसरीवर बाजेवर, कानानं कमी, बाकी तसेच. गावानं काय म्हटलं असं विचारलं तर म्हणाले, "काय म्हननार? पयल्या वर्षी हसले. दुसऱ्या वर्षी बसले." मग काकूंकडे हनुवटी करून हसले, "तरी मी हिले सांगतो, जास्त टेंभा मिरवू नोको. तुले गाडी काही जिंकून भेटली नाई. बाल्यानं सोडली म्हणून भेटली."

काकू हसल्या. पण ते हसू मी ओळखलं. कैरी आणि कोय एका घावात.

"नेहमीच म्हनतेत तुहे काका," त्या मला म्हणाल्या. "वीस वर्षं झाले. भांडन झालं का हेच. खरंच हाये म्हना. तू सोडली नसती त..."

मी बरणी मांडीवर घेऊन बसलो होतो. ती एकाएकी फार जड झाली. मी आयुष्यात हजारो थापा मारल्या आहेत. बसमधला कावळा, लांब झालेला हात, उगवलेली सायकल. त्यांनी कुणाचं काही नेलं नाही. ही एकच थाप अशी होती की तिनं एका बाईचं जिंकणं नेलं होतं, आणि मी ते वीस वर्षं पोळीला लावून खाल्लं होतं.

"काकू," मी म्हणालो, "मी सोडली नव्हती. मी हरलो. सगळा जीव लावून खेळलो आन् हरलो. तुमची गाडी चांगली जुळली होती."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. "खरं बोलून राह्यला का बे? का आता बी फेकून राह्यला?"

"आईशप्पथ."

त्या उठल्या. ओसरीच्या कडेला जाऊन काकांच्या कानाशी वाकल्या आणि तीन घरं ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ऐकलं का जी? पोट्टा हरला होता! खरा हरला होता!"

काकांनी बाजेवर उठून बसायला वेळ घेतला. माझ्याकडे पाहिलं. मग काकूंकडे. "मंग," ते म्हणाले, "वीस वर्षं मी उगाच बोललो?"

"हाव."

काकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली.  थोड्या वेळानं खुंटीवरची गाडीची किल्ली काढून त्यांनी काकूंपुढे धरली. रोज त्या स्वतः घेतात.

"आण थे बरणी इकडे," काकू मला म्हणाल्या. मला वाटलं, गेली. जायलाच हवी होती. त्यांनी बरणी घेतली, गाडीचं मागचं दार उघडलं, आणि सीटवर नाही, खाली, मधात, तळाशी ठेवली. चप्पल काढून दाराशी सोडली. "बस समोर. सावलीच्या स्टँडवर सोडते तुले."

गावाबाहेर तळ्याच्या पाळीवर रस्ता एकदम डावीकडे मोडतो. तिथे मी मागे वळून पाहिलं. काकूंनी गाडी हळू केली, वळवली, मग ढकलली. बरणीतलं तेल हललं नाही.